दोराचा डोळा

प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर ओफेलियाचा फोटो लागणार आहे, आणि त्याखाली चार ओळी लिहून दे, असं युनियनच्या कचेरीतून मला सांगितलं. सगळ्यात जुना सहकारी म्हणून. चार ओळी मी दिल्या. मेहनती, धाडसी, सर्वांची लाडकी वगैरे. त्यात खोटं काही नाही. पण ही बाई किती वर्षं माझ्या डोळ्यांत खुपली ते चार ओळींत मावलं नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय. हे भिंतीवर लावायचं नाही.

मी एमेट प्रोकोप. लास व्हेगासमध्ये टांगाटांगीचं काम करतो. दिवे, पडदे, प्रदर्शनाच्या हॉलमधले कंपन्यांच्या नावांचे भलेमोठे फलक, जे जे म्हणून लोकांच्या डोक्यावर लटकतं ते लटकवणारे आम्ही. निम्मे वर तुळयांवर चढतात, निम्मे खाली असतात. वरचा माणूस दोर सोडतो, खालचा त्याला साखळी अडकवतो, वरचा ती ओढून घेतो. माझा बाप लॅडिस्लाव याने हेच केलं, आधी नाचगाण्याच्या थिएटरांत आणि मग प्रदर्शनांच्या हॉलमध्ये. मी त्याच्यामुळे आलो. तेव्हा रीतच तशी होती. बापाने मुलाला युनियनच्या सभेत उभं करायचं, दोन जुन्या मेंबरांनी हात वर करायचे, झालं मुलाचं मेंबरकीचं कार्ड. एकोणिसाव्या वर्षी माझं झालं. त्या दिवशी मला एक गाठ धड येत नव्हती.

ओफेलिया बारिएंतोस आली ती प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गालिचे अंथरायला. चोवीस वर्षांची असेल. उंची इतकी कमी की गालिच्याची गुंडाळी ढकलत आली तर आधी गुंडाळी दिसायची, मग ती. तिची आई हॉटेलच्या खोल्या साफ करायची आणि एका लांबलचक संपात महिनोन्‌महिने फुटपाथवर फलक धरून चाललेली होती. मुलगी आईवरच गेली होती. खिशात भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, तोंडात कायम एक प्रश्न. हे असंच का बांधता? तसं बांधलं तर काय होईल? हे कोणी ठरवलं? आम्ही जेवायला बसलो की ती मान वर करून तुळया मोजत उभी.

"काय बघतेस गं?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही कुठे चुकता ते बघतेय," ती म्हणाली आणि माझ्यापुढे बिया धरल्या. मी घेतल्याही. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

तिच्यासाठी सभेत उभा राहील असा बाप नव्हता, काका नव्हता. तिने युनियनच्या नियमांचं पुस्तक मागून नेलं. ते आमच्यापैकी कोणी उघडलेलं नव्हतं. माझं तर घरी टेबलाच्या हलत्या पायाखाली होतं. त्यात तिला सापडलं की कार्डासाठी कोणीही परीक्षा मागू शकतो. कित्येक वर्षांत कोणी मागितली नव्हती. युनियनने कुरकुरत परीक्षा घेतली आणि परीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या बापाला बोलावलं. बापाने तिला नापास केलं. घरी येऊन म्हणाला, "पोरीला दोरातलं काही कळत नाही." मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी त्याला बाहेर जेवायला नेलं.

चार महिन्यांनी ती पुन्हा बसली आणि पास झाली. मग दोनच वर्षांत ती वर चढायला लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, अशातली गत. प्रदर्शन लागलं की जुने जुने लोक फोन करून विचारायचे, "वर कोण आहे? ओफेलिया आहे ना?" माझ्याबद्दल असं कोणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

पण तोवर माझं नुसतं पोट दुखत होतं. आग लागली ती एका दोरामुळे.

आम्ही वरून जो दोर सोडतो त्याच्या टोकाला एक डोळा लागतो, म्हणजे दोराचाच गोल फासा, आकडा अडकवायला. बहुतेक जण गाठ मारतात. जुने लोक तो विणत. दोराचं टोक उलगडायचं, तिन्ही पेड मागे वळवायचे आणि त्याच दोराच्या अंगात खालीवर घालत न्यायचे. चार फेऱ्या सगळे करत. माझा बाप पाचवी करायचा, आणि त्या पाचवीत पेडातले अर्धे धागे कापून टाकायचा, म्हणजे सांधा बोटाला लागत नाही आणि तुळईवरून सरकताना अडकत नाही. अख्ख्या गावात हे त्याचं एकट्याचं होतं.

त्या दिवशी मी खाली होतो आणि ओफेलिया वर. तिचा दोर माझ्या हातात आला. मी सवयीने डोळ्यावरून अंगठा फिरवला आणि माझा अंगठा कुठेच अडला नाही. फेऱ्या मोजल्या तर पाच.

ती खाली उतरल्यावर मी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?"

"शिकले," ती म्हणाली.

"कोणाकडून?"

"तुला माहितीये एमेट. विचारतोस कशाला?"

रविवारी मी बापाच्या घरी गेलो. गावाबाहेर चाकांवरच्या घरांची वस्ती आहे, तिथे तो एकटा राहायचा. दारात तिचा ट्रक. खिडकीतून दोघं दिसत होती. टेबलावर तिच्या आईच्या हातचे, मक्याच्या पानात गुंडाळलेले तामाले, बापाच्या मांडीवर दोर, आणि तो तिचं बोट धरून पेडाखाली सरकवत होता. मी बारा वर्षांचा असताना हेच शिकायला दोर मागितला होता. त्याने दिला, मी चुकलो, त्याने माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाला, "राहू दे, दोर काय, बाजारात तयार विकत मिळतो." बस्स. तेवढंच माझं शिक्षण. आणि इथे परकी पोर त्याच्या हातात बोट देऊन बसलेली. मी दार न वाजवता परत आलो. गाडीत बसून जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या, अर्ध्या तिला, अर्ध्या त्याला.

त्यानंतर मी तिच्या चुका शोधत राहिलो. सहा-सात वर्षं. एवढा वेळ मी कामाला दिला असता तर मीच पुढे गेलो असतो, हे माझी बायको म्हणायची, आणि बरोबर म्हणायची.

शेवटी एक चूक सापडली. म्हणजे मला ती चूक वाटली.

त्या सुमारास प्रदर्शनांना एक कंत्राटदार कंपनी स्वस्तात माणसं पुरवायला लागली होती. पिवळे टी-शर्ट घालायला लावायची, म्हणून आम्ही तिला पिवळी कंपनी म्हणत असू. त्या लोकांना ना युनियन, ना विमा, ना कोणी काही शिकवलेलं. आमच्या युनियनने त्यांना आत आणायचं ठरवलं होतं. युनियन हवी की नको, यावर सरकारी देखरेखीखाली त्यांचं मतदान व्हायचं होतं. आमचे लोक फाटकावर पत्रकं वाटायचे. पिवळे ती घ्यायचे आणि पुढच्या कचराकुंडीत टाकायचे. एकदा त्यांनी टांगलेली दिव्यांची दांडी गाठ सुटून अर्ध्यावर आली आणि गिऱ्हाइकांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीला लोंबत राहिली. आम्ही हसलो. ओफेलिया हसली नाही. तिने पुढच्या शनिवारी सकाळी आपल्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, खुर्च्या मांडल्या आणि पिवळ्यांना गाठी शिकवायला बोलावलं. फुकट.

सभेत गदारोळ झाला. "आपली विद्या शत्रूला देतेस?" कोणीतरी ओरडलं.

"शत्रू कसले? दोन महिन्यांनी त्यांनाच भाऊ म्हणून मत मागणार आहात ना?" ती म्हणाली. "पत्रक ते फेकून देतात. दोर कोणी फेकला नाही अजून. माणसाला स्वतःचं काम नीट आलं ना, की तो आपोआप विचारतो, मला एवढेच का देता?"

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ती म्हणत होती ते मलाही पटलं होतं, आणि मला ते कधी सुचलं नव्हतं.

मी घरी आलो, टेबलाच्या पायाखालचं नियमांचं पुस्तक काढलं आणि तिच्यासारखंच पहिल्या पानापासून वाचलं. सापडलं. युनियनच्या परवानगीशिवाय मेंबराने बाहेरच्या माणसाला कसब शिकवू नये, शिकवल्यास कार्ड जप्त. मी तक्रार लिहिली. ओफेलिया बारिएंतोस हिचं कार्ड काढून घ्यावं. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं, पण माझ्या कानावर आलं होतं की गॅरेजात तिच्याबरोबर आणखी एक जण शिकवतो. मला वाटलं, असेल तिच्या चमच्यांपैकी कोणीतरी. म्हणून खाली जोडलं, 'आणि तिच्यासोबत जो कोणी शिकवत असेल त्याचंही.'

मी तत्त्वासाठी हे केलं असं मी सगळीकडे सांगितलं. ते साफ खोटं होतं. मतदान तीन आठवड्यांवर होतं. तिचं कार्ड गेलं तर पिवळे आमच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत आणि मतदान हातचं जाईल, हे मला दिसत होतं. तरी मी सही केली. मला ती मुळापासून उखडलेली हवी होती.

सुनावणी मंगळवारी दुपारी युनियनच्या हॉलमध्ये झाली. घडीच्या खुर्च्या, मोठ्या भांड्यात जळकी कॉफी, ऐंशीएक माणसं. अध्यक्ष हर्शेल, जुना दिवेवाला, सरळ माणूस. त्याने तक्रार वाचली आणि विचारलं, "ओफेलिया, गॅरेज तुझं?"

"माझं."

"वर्ग तू घेतेस?"

"बोलावते मी. खुर्च्या मी मांडते. कॉफी माझी. ही आहे त्याहून बरी असते."

लोक हसले. हर्शेलही हसला, मग गंभीर झाला. "दोर हातात धरून शिकवतं कोण?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"हे बघ, तू नुसत्या खुर्च्या मांडत असशील तर हा नियम तुला लागत नाही. शिकवणाऱ्याचं नाव सांग, विषय संपला."

"नाव नाही सांगणार. माझंच लिहा."

"कार्ड जाईल ओफेलिया."

तिचा चेहरा उतरला. त्या कार्डासाठी ती दोनदा परीक्षेला बसली होती, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने खिशात हात घातला, बिया चाचपल्या आणि पुन्हा म्हणाली, "माझंच लिहा."

मी उभा राहिलो. तोंडाला रक्त लागलं होतं. "ते चालणार नाही! तक्रारीत दोघांचं आहे. आम्हाला नाव हवंय. लपवतेस कोणाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझा राग आला असता तर मला चाललं असतं. तिला माझी कीव आली होती. "एमेट," ती हळू म्हणाली, "खाली बस. ऐक माझं. बस."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. चालायचा वॉकर आधी आत आला, त्याच्यामागे माझा बाप. दोन्ही बाजूंना दोन पिवळे टी-शर्ट. तिघंही बसने आले होते, दोन बस बदलून. तिने त्याला येऊ नका म्हणून सांगितलं होतं, हे मागाहून कळलं. हॉल इतका लांब आणि त्याचे गुडघे इतके गेलेले, की टेबलापर्यंत पोचायला त्याला खूप वेळ लागला. मला तर सगळं पहिल्या पावलालाच कळलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मी शिकवतो," बाप म्हणाला. "ही कामगारांचा कायदा सांगते, मी दोर दाखवतो." त्याने मागच्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून सोनेरी कार्ड काढलं. ते हयातभर मेंबर राहिलेल्यांनाच देतात. "इतकी वर्षं याच्यावर बसलोय, ढुंगणाला याचा आकार आलाय. घ्या."

कार्ड टेबलावर पडलं. हर्शेलने त्याला हात लावला नाही. तो माझ्याकडे वळला. "एमेट, तक्रार तुझी आहे. चालवायची की मागे घ्यायची?"

मी 'मागे घेतो' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर भलतंच आलं.

"मला का नाही शिकवलंस?"

ऐंशी माणसांसमोर. पन्नाशीचा बाप्या. आवाज चिरकला तोही सगळ्यांनी ऐकला.

बापाने वॉकर माझ्या दिशेने वळवला. नजर अधू झाली होती, पण तेव्हा त्याला थोडं दिसायचं अजून. "शिकवत होतो की. तू रडायला लागलास."

"बारा वर्षांचा होतो मी, पॉप!"

"ही पण रडली. पण रडत रडत विणत राहिली."

"साफ खोटं, मिस्टर पी," ओफेलिया म्हणाली. "मी रडले नव्हते. तुम्हाला शिव्या दिल्या होत्या."

"हो, स्पॅनिशमध्ये. मला वाटलं रडतेय."

हॉलभर हसू पसरलं. मी तक्रार मागे घेतली. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. बापाचं कार्ड टेबलावर पडलेलं मला बघवेना, एवढंच.

पिवळ्यांचं मतदान आमच्या बाजूने झालं, आणि चांगल्या फरकाने झालं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी सांगितलं की त्या मंगळवारची गोष्ट त्यांना कळली होती. "एक म्हातारा आमच्यासाठी कार्ड टाकायला निघाला, म्हणून आम्ही मत टाकलं," असं म्हणाले. मग युनियनने रीतसर प्रशिक्षण केंद्र काढायचं ठरवलं. मेंबराचा मुलगा असो वा रस्त्यावरची पोरगी, जो शिकेल त्याला आत घ्यायचं. केंद्राची प्रमुख कोण, यावर सभेत हात वर झाले. ती जागा मला हवी होती. वर्षानुवर्षं हवी होती. ओफेलियाच्या विरोधात एकच हात वर होता, आणि तो कोणाचा हे सांगायची गरज नाही. तिने तो पाहिला आणि नोंदवहीत लिहून घेतला. नियम म्हणजे नियम.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी तिच्या वर्गात नाव घातलं. का घातलं, ते नीट सांगता येणार नाही. बापाची नजर गेली होती, हात थरथरायचे, आणि त्याच्या हातातलं जे काही होतं ते आता फक्त तिच्याकडे उरलं होतं. माझ्या घरची वस्तू मला तिच्याकडे मागायला जायचं होतं. नाकाला मिरच्या झोंबत होत्या, तरी गेलो. शेजारी बाविशीची पोरं, मध्ये मी.

तिने कसलीही सवलत दिली नाही. पहिल्या दिवशी मी विणलेला डोळा हातात घेतला, वळवून पाहिला, परत दिला. "उलगड, एमेट."

दुसऱ्या आठवड्यात, "उलगड."

"आता काय झालं याला?"

"तुलाच माहितीये. मला विचारतोस कशाला?"

सहा वेळा तिने मला उलगडायला लावलं. मी रडलो नाही. शिव्या दिल्या, इंग्रजीतच, म्हणजे तिला कळाव्यात. सातव्या वेळी ती काही बोलली नाही. डोळ्यावरून अंगठा फिरवला, त्याला वाळूची पोती टांगली, वर्गाला पाठ करून खिडकीपाशी गेली आणि बिया खात उभी राहिली. दोर टिकला.

मी तो सोडवून घेतला आणि तसाच बापाकडे गेलो. तो खिडकीशी आरामखुर्चीत बसला होता. मी काही न बोलता दोर त्याच्या मांडीवर ठेवला आणि दाराशी चिखलाचे बूट काढत बसलो. त्याने डोळा चाचपला. अंगठा पहिल्या फेरीवरून निघाला, हळूहळू पुढे गेला, पाचवीवर आला आणि घसरून सरळ दोरावर उतरला, कुठे न अडता. त्याचा चेहरा फुलला. कित्येक दिवसांत मी तो असा पाहिला नव्हता.

"ओफेलिया!" तो म्हणाला. "काय हात आहे पोरीचा. हजारांत ओळखू येईल."

माझ्या हातात एक बूट तसाच राहिला. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. पण मला गप्प बसता आलं असतं तर मी हे सगळं लिहिलं तरी असतं का?

"ते मी विणलंय, पॉप."

तो थांबला. हसू गेलं. मग अंगठा पुन्हा उलटा निघाला, पाचवी, चौथी, आणि तिथून फार सावकाश.

"हां," तो म्हणाला. "हे इथं ढिलं आहे. तिसऱ्या फेरीत."

"आत्ता ओफेलियाचं होतं तेव्हा नव्हतं ढिलं?"

"तेव्हा मी शोधत नव्हतो." त्याने दोर माझ्या दिशेने पुढे केला. "ती खुर्ची घे. इकडे, जवळ बस. उलगड."

मी खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो. त्याने माझं बोट चाचपून पकडलं आणि आम्ही पाचवी फेरी सोडवली, मग चौथी. तिसऱ्या फेरीत खरंच एक पेड ढिला होता. तपासताना तो ओफेलियाच्या अंगठ्याखालून निसटला होता, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!